बकरीची साक्ष

लांजीपासून लालबर्ऱ्यापर्यंत ज्या ज्या गावात दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे जत्रा, भरायची, त्या गावात डोमाजी ठाऊक नसलेला माणूस शोधून सापडला नसता. मंडई म्हटली की नाचगाण्या-सोंगांची दंडार आली आणि दंडार म्हटली की सोंगाड्या आला. राजा काय, राक्षस काय, तोंडाला रंग फासून कोणीही होतो. पण भर दुपारच्या उन्हात, भजी-जिलेबी खाऊन आधीच पेंगुळलेल्या गर्दीला पोट धरून हसवायचं म्हणजे तिथे पाहिजे जातीचेच. ते येरागबाळ्याचं काम नव्हे. बाकीचं वर्षभर डोमाजी बालाघाटच्या एका राइस मिलमध्ये सुतळीनं पोत्यांची तोंडं शिवायचा. शिवताना हमालांना इतकं हसवायचा की कामाचा खोळंबा व्हायचा. मग मिलवाले मोतीलाल सेठ शिव्या देत यायचे आणि खुर्ची ओढून स्वतःच ऐकत बसायचे.

त्याचं सगळ्यात गाजलेलं सोंग म्हणजे बकरीची साक्ष. कोणाच्या तरी वावरात शिरून धान खाल्लेली बकरी कोर्टात उभी आहे. वकील डोमाजीच, साहेब डोमाजीच आणि बकरीही डोमाजीच. वकील हिंदीत गरजतो, "बोलो, उस दिन तुम खेत में थी कि नहीं?" बकरी गप्प. वकील तिच्या नाकासमोर कागद नाचवतो, "इस कागज में सब लिखा है!" बकरी कागद हुंगते, एकदा साहेबाकडे पाहते आणि शांतपणे तो कागद खायला लागते. तेवढंच. पण कागद खाताना डोमाजीचा खालचा जबडा असा काही आडवा फिरायचा, आणि डोळे साहेबावर असे काही निर्विकार खिळलेले असायचे, की म्हाताऱ्या माणसांच्या कवळ्या बाहेर यायच्या.

आणि याच माणसाच्या घरात, त्याच्या पोटच्या पोरीला, हसलं की पडायचा आजार होता. देवाची थट्टा म्हणतात ती हीच. मला विचाराल तर देवाला थट्टा करता येतच नाही. सोंगाड्याला कुठं थांबायचं ते कळतं, देवाला ते कळत नाही.

पोरीचं नाव ललिता. आधी आली ती झोप. आठवीत असताना शाळेच्या बाकावर तिचं डोकं टेकायला लागलं. मग सूप पाखडता पाखडता हात थांबायचा, तांदूळ अर्धे सुपात, अर्धे अंगणात. जेवताना घास हातातच राहायचा. थोड्या वेळानं आपली आपण जागी व्हायची, टवटवीत, काही झालंच नाही अशी. रुख्माबाईनं, म्हणजे तिच्या आईनं, तिला आळशी म्हटलं, कुंभकर्णाची मावशी म्हटलं, पाठीत धपाटेही घातले. झोपेला धपाटे कळत असते तर जगात औषधं लागली नसती.

मग एके दिवशी डोमाजी अंगणात बसून नव्या मुनीमाची नक्कल करत होता. ललिता नळावरून पाण्याची गुंडी घेऊन आली, ऐकलं, हसली, आणि तिची हनुवटी छातीवर पडली. गुडघे गेले. गुंडीसकट ती जमिनीवर. डोळे अर्धे उघडे, तोंड सैल, अंगात जीव नसल्यासारखी. बायाबापड्या जमल्या, कोणी कांदा फोडला, कोणी देवाचं नाव घेतलं. तेवढ्यात ती उठून बसली आणि म्हणाली, "मी ऐकून राह्यलती न सारं. फक्त हालता येत नव्हतं."

पुढं ते वारंवार व्हायला लागलं. झाडफूक करणारा गुनिया झाला, लिंबू झाले, उतारे झाले. बसस्टँडजवळच्या एका डॉक्टरनं तिला न तपासताच सांगितलं, "हिस्टेरिया है. शादी कर दो, ठीक हो जाएगी." हा सल्ला रुख्माबाईला फार पटला, कारण तो तिचा स्वतःचाच होता.

डोमाजीला पटला नाही. दंडारीत ढोलकी वाजवणारा चैतराम त्याचा जुना मैतर. त्याचा भाचा नागपुरात एका मोठ्या डॉक्टरकडे कंपाउंडर होता. तो डॉक्टर मनाचे आणि झोपेचे आजार पाहतो, असं चैतराम सांगत आला.

"पागलायच्या डॉक्टरपाशी?" रुख्माबाई कपाळावर हात मारून म्हणाली. "अजी, कोणाले समजलं तं पोरगी जलमभर घरातच राहीन!"

शेवटी मामाच्या घरी बारसं आहे असं शेजारणींना सांगून तिघं निघाले. छोट्या आगगाडीनं गोंदिया, तिथून मोठ्या गाडीनं नागपूर. रस्ताभर ललिता खिडकीला डोकं लावून झोपली होती आणि रुख्माबाई समोरच्या प्रत्येक बाईला आपण होऊन सांगत होती, "रात्रभर जागली न पोरगी, म्हणून."

डॉक्टर उंच, सुकलेले, हसणं माहीत नसल्यासारखे दिसणारे गृहस्थ होते. पण त्यांनी जे विचारलं ते आजवर कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं ते आईबापाला नाही, ललितालाच.

"पडायच्या आधी काय करत असतेस? रागावलेली असतेस?"

"नाही जी."

"रडत असतेस?"

"नाही जी. हसते, अन् मंग पडते."

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. "झोप लागता लागता कोणी दिसतं का? खोलीत कोणी उभं आहे असं?"

ललिता दचकली. तिनं आईकडे पाहिलं, मग खाली मान घालून म्हणाली, "उशापाशी एक बाई उभी राह्यते. मले हालता येत नाही, बोंबलता येत नाही. मी कोणाले सांगतलं नाही."

"आणि खरं तर तिथे कोणी नसतं."

"हौ जी. नसते."

एवढं बोलून पोरगी रडायला लागली. इतकी वर्षं जे एकटीनं सोसलं, ते एका परक्या माणसाला न सांगता ठाऊक होतं, याचं ते रडू होतं. डोमाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकाच घरात राहून त्याला त्या बाईचा पत्ता नव्हता.

डॉक्टरांनी तिचं रडणं ओसरू दिलं आणि म्हणाले, "मला एकदा प्रत्यक्ष पाहायला हवं. हिला हसवू शकेल असं कोणी आहे का?"

ओल्या डोळ्यांनीच ललितानं बापाकडे बोट केलं. "हे हायेत न जी. यायच्यासारखं तं कोणीच हसवत नाही."

डोमाजीनं आयुष्यात शेकडो वेळा बकरी केली होती, पण पोरगी पडावी म्हणून कधी केली नव्हती. तो उठला. टेबलावरचा एक रद्दी कागद घेतला. वकील गरजला, बकरी गप्प राहिली, कागद हुंगला, साहेबाच्या जागी बसलेल्या डॉक्टरांकडे एकदा पाहिलं, आणि जबडा आडवा फिरला. डॉक्टर चष्मा काढून टेबलावर वाकले. हसू आवरेना त्यांना. आणि तेवढ्यात ललिताची हनुवटी पडली, खांदे गेले, ती स्टुलावरून घसरली. डॉक्टरांचं हसू जागच्या जागी विझलं. त्यांनी तिला सावरून खाली निजवलं, छोट्या हातोडीनं तिच्या गुडघ्याखाली ठोकलं. पाय उडाला नाही. पुन्हा ठोकलं. नाही उडाला. थोड्या वेळानं ती उठून बसल्यावर ठोकलं, तेव्हा चांगला टणकन उडाला.

"पाहिलं? हे ढोंग नाही, वेड नाही, मिरगी नाही आणि बाहेरचंही काही नाही," डॉक्टर रुख्माबाईला म्हणाले. "झोपेत आपलं अंग ढिलं पडतं ना, तेच हिचं जागेपणी पडतं. झोप आणि जाग यांच्या मधलं दार हिच्या बाबतीत नीट लागत नाही. हसू आलं की ते दार उघडतं. आणि हसू आत चालू राहिलं तर पडणंही लांबतं."

"लगन केलं तं बरी होईन का जी?"

"लग्नानं दार बसत नाही, बाई. पूर्ण बरं करणारं औषध आज कोणाजवळच नाही. जागं राहायच्या गोळ्या देतो, पडणं कमी व्हायच्या देतो. दुपारी ठरवून झोपू द्या. विहिरीजवळ, चुलीजवळ एकटी नको. आणि एक लक्षात ठेवा, हिचं हसणं मात्र बंद करू नका. आधी खाली बसवा, मग खुशाल हसवा."

शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं होतं. पण डोमाजी तेव्हा ऐकतच नव्हता. हातातल्या ओल्या, चावलेल्या कागदाकडे पाहत तो उभा होता.

बालाघाटला परतल्यावर त्यानं दंडार सोडली. चैतराम मंडईचं निमंत्रण घेऊन आला, तेव्हा त्यानं ढोलकीकडे पाहिलंही नाही.

"काहून, डोमाजी? का झालं तुले?"

"माह्या पोरीले मीच पाडतो न रे. ज्या तोंडानं जग हसवलं, त्याच तोंडानं. मले नाही होत आता."

घरात हसायची बंदी झाली. कोणी बोलून दाखवली नाही, पण झाली. डोमाजी घरात आला की जेवायचा, हात धुवायचा आणि बाहेर पडायचा. ललिताशी बोलायचा ते मीठ आहे का आणि गोळी घेतली का, एवढंच. चैतराम आला तर त्याला ओट्यावरूनच परत पाठवायचे, कारण तो नुसता बसला तरी गमतीचा दिसायचा. ज्या घरातून हसण्याचा आवाज गल्लीभर जायचा, तिथं भांड्यांचा तेवढा आवाज उरला. रोग परवडला पण इलाज नको, अशातली गत. आणि हा इलाज डॉक्टरचा नव्हता, बापाचा होता.

गोळ्यांनी थोडा उतार पडला, नाही असं नाही. दिवसा ती जास्त जागी राहायला लागली. पण तोंड कोरडं पडे, छाती धडधडे. गोळ्या बालाघाटात मिळत नव्हत्या, चैतरामचा भाचा कोणाच्या तरी हाती पाठवायचा. एकोणीसशे एकोणसत्तरच्या पावसाळ्यात त्या आल्याच नाहीत, आणि थांबलेलं सगळं दुपटीनं परतलं. तेव्हा तर पडायला तिला हसावंही लागेना. जुनी गंमत आठवली तरी मान कलायची. डोमाजी पुन्हा नागपूरला जाऊन आला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, धीर दिला आणि हात जोडले. "मी हिला सांभाळू शकतो, डोमाजी. बरं नाही करू शकत," असं ते म्हणाले. इतका मोठा माणूस असा हात जोडतो म्हटल्यावर पोती शिवणाऱ्यानं कोणाच्या तोंडाकडे पाहावं?

ललिता एकदा त्याला म्हणाली, "बाबा, तुमी माह्याशी बोलत काहून नाही? पहिले पडत होती तं पडत होती, उठत बी होती न. आता उठून तरी का करू?"

डोमाजीनं डोक्याला दुपट्टा बांधला आणि मिलमध्ये गेला. बोलायला गेला असता तर तोंडातून काय निघेल याचा त्याला भरवसा नव्हता.

हिवाळ्यात लांजीकडून स्थळ आलं. पुनाराम नावाचे चांगले खाऊनपिऊन सुखी गृहस्थ, मुलगा तेजराम तहसिलीत लागलेला. आजाराचं काही सांगायचं नाही, हे रुख्माबाईनं ठरवून टाकलं. "लगन झाल्यावर सांगू. झाकली मूठ सव्वा लाखाची." डोमाजीला ते खटकलं. पण दोन वर्षं त्यानं या पोरीसाठी जे जे केलं ते उलटंच पडलं होतं. बायकोला कोणत्या तोंडानं अडवणार? शिवाय खरं सांगू का, त्याच्याही मनाच्या एका कोपऱ्यात तो बसस्टँडजवळचा डॉक्टर अजून बोलत होता. कोण जाणे, लग्नानं फरक पडेलही.

पाहुणे दुपारी यायचे होते. ललिताला त्याआधी पोटभर झोपू दिलं. राखून ठेवलेल्या गोळ्या दिल्या. चैतराम मध्यस्थ म्हणून हजर राहणारच होता. तोंड उघडायचं नाही, अशी शपथ रुख्माबाईनं त्याला घातली.

आणि सगळं छान पार पडलं. पोहे झाले, चहा झाला. ललिता चटईवर पदर सावरून बसली. तेजरामनं हिंदीत शिक्षण विचारलं, तिनं हिंदीतच नीट उत्तर दिलं. शिवण दाखवलं, रांगोळीची वही दाखवली. पुनारामनं मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "पोरगी पसंत हाय आमाले. पण इवाई, एक अट हाय."

रुख्माबाईनं हातातलं ताट खाली ठेवलं.

"बकरी दाखवा!" पुनाराम मांडीवर थाप मारून म्हणाले. "लांजीच्या मंडईत पाह्यलती मी. चैतरामनं तुमचं नाव घेतलं, तवाच म्हटलं, याच घरची पोरगी करू."

"सोडलं जी ते आता," डोमाजी म्हणाला. "गळा बी चालत नाही."

"असं कसं? इवायानं इवायाचं पहिलं मागणं मोडावं का?"

आपल्याकडे सोयरिकीची पहिली गाठ थट्टेनंच बसते. इवायानं, म्हणजे व्याह्यानं, इवायाची फिरकी घेतली नाही तर सोयरीक अळणी धरतात. पुनारामनं काही वावगं मागितलं नव्हतं.

"मंग पोरगी आत जाईन," रुख्माबाई घाईनं म्हणाली.

"राहू द्या न तिले. बापाचंच तं हाय!"

इकडे आड, तिकडे विहीर. डोमाजी उठला. एका क्षणात त्यानं काय ते ठरवलं. ज्या कामासाठी लोक कोस कोस चालून यायचे, ते काम त्यानं आज मुद्दाम बिघडवायचं ठरवलं. शाळेतल्या पोरासारखा तो हात खाली सोडून ताठ उभा राहिला आणि एकसुरात म्हणाला,

"एक बकरी होती. तिले कोर्टात नेलं. वकिलानं विचारलं, तिनं सांगतलं. साहेबानं ऐकलं. बकरी घरी गेली."

आणि खाली बसला. कोणी हसलं नाही. चैतरामनं मान खाली घातली. इतकं वाईट सोंग त्यानं आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"बस?" पुनाराम म्हणाले.

"बस जी."

"अन् कागद? मंडईत तं तिनं कागद खाल्लता!"

"आज तिले भूक नव्हती जी," डोमाजी म्हणाला.

त्यानं हे हसवायला म्हटलं नव्हतं. जीव मुठीत धरून, घाम पुसत, कशीतरी वेळ मारून न्यायला म्हटलं होतं. पण जित्याची खोड ती, मेल्याशिवाय थोडीच जाते? ललितानं ते तोंड पाहिलं. बापानं आपल्यासाठी आपली लाडकी बकरी उपाशी घरी पाठवली, हे त्या खोलीत तिला एकटीलाच कळलं. ती हसली. दोन वर्षांत हसली नव्हती अशी, मोकळी, घर भरून. मग हनुवटी पडली आणि ती चटईवर आडवी झाली.

"मिरगी!" पुनाराम ओरडले. ते वाईट माणूस नव्हते, हेच तर वाईट. धावत जाऊन त्यांनी ओट्यावरचा आपला जोडा आणला आणि आपल्याकडे करतात तसा तिच्या नाकाला लावला.

"नका लावू जी! आयकते ते. तिले सारं समजते," डोमाजी त्यांचा हात धरून म्हणाला.

मग सगळं बोलणं तिच्या अंगावरूनच झालं. फसवलं म्हणाले, देवानं वाचवलं म्हणाले, पोरगी गुणाची होती हो, असंही म्हणाले. रुख्माबाई पाया पडली, नागपूरच्या डॉक्टरचं सांगायला लागली. तेव्हा तो डॉक्टर कशाचा, असं तेजरामनं विचारलं, आणि ती पुन्हा पाया पडली. जाताना पुनारामनं हात जोडले. त्यांच्यामागून चैतरामही गेला.

ललिता अजून उठली नव्हती. रुख्माबाई घाबरली, पण डोमाजीला कळलं. हसू अजून आत चालू होतं. बऱ्याच वेळानं तिचे ओठ हलले.

"बाबा, पुरी करा न बकरी."

"नाही बाई. नको."

"मी तं पडलीच हाओ न. आता कुठं पडीन?"

डोमाजीनं बायकोकडे पाहिलं. आता ही ओरडेल असं त्याला वाटलं. पण ती आत गेली, गोधडी आणली, घडी करून पोरीच्या डोक्याखाली सारली आणि तिथंच भिंतीला टेकून बसली.

पोह्यांच्या ताटाखाली वर्तमानपत्राचा कागद होता. डोमाजीनं तो उचलला. हुंगला. पोरीकडे एकदा पाहिलं. आणि त्याचा जबडा आडवा फिरला, अगदी पूर्वीसारखा, फक्त डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते या सोंगात नव्हतं. नुकतीच उचलू लागलेली ललिताची मान पुन्हा गोधडीवर पडली. तोंड सैल, डोळे अर्धे उघडे, आणि आत कुठंतरी ती हसत होती हे त्याला दिसत होतं.

तो चावत राहिला. थांबला असता तर ती उठली असती, आणि उठल्यावर पुढं काय, हे त्या तिघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हतं.